सातचा भोंगा आणि मुलांचा अभ्यास

२०२० सालच्या मार्चमध्यें शाळांना कुलुपें लागलीं आणि मोबाइल हीच मुलांची शाळा होऊन बसली. ज्या यंत्राला हात लावल्याबद्दल आदल्या महिन्यापर्यंत धपाटा बसत असे, तेंच आईबापांनीं आपण होऊन मुलांच्या हातीं दिलें. कांहीं घरांनीं तर त्यासाठीं उसनवारी केली. पुढें शाळा उघडल्या, पण मुलांच्या हातांतून मोबाइल कांहीं सुटला नाहीं. त्याचा अभ्यासावर काय परिणाम होतो, या प्रश्नाचें उत्तर बहुधा नुसत्या शिव्यांनीं दिलें जातें, नाहीं तर नुसत्या कौतुकानें.

दोन्ही पक्षांनीं ध्यानांत घ्यावी अशी एक पाहणी आहे. ‘पिसा’ नांवाची ही पंधरा वर्षांच्या विद्यार्थ्यांची आंतरराष्ट्रीय पाहणी २०२२ सालीं झाली. भारत तींत नव्हता. शाळेंत अभ्यासासाठीं दिवसाकाठीं तासभरापर्यंत अशीं साधनें वापरणारे विद्यार्थी, तीं मुळींच न वापरणाऱ्यांहून गणितांत सरासरीनें १४ गुणांनीं पुढें होते. तेव्हां यंत्रांतच विष आहे असें नव्हे. परंतु वर्गांतील इतरांच्या यंत्रांमुळें गणिताच्या कांहीं तासांस तरी ज्यांचें लक्ष उडे, ते तसें न होणाऱ्यांहून १५ गुणांनीं मागें राहिले. खेळ एकाचा आणि नुकसान दुसऱ्याचें!

याचें कारण गूढ नाहीं. उदाहरण सोडवितांना मधल्या पायऱ्या मनांत धरून ठेवाव्या लागतात. तेवढ्यांत खिशांतलें यंत्र थरथरलें, कीं पायरी निसटते आणि मूल पुन्हां पहिल्या ओळीवर येतें. तास भरतो, उदाहरणें मात्र होत नाहींत. एक ना धड, भाराभर चिंध्या. हुशार मुलाला सुटलेला धागा पुन्हां सांपडतो, कच्च्या मुलाला तो सांपडतोच असें नाहीं. इंग्लंडांतील चार शहरांच्या शाळांविषयीं २०१५ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासांत, मोबाइलबंदीनंतर गुण वाढले ते मुख्यतः मागें पडलेल्यांचे. स्वीडनमध्यें पुढें असाच शोध घेतला असतां मात्र तसा लाभ आढळला नाहीं. अर्थात् शाळेच्या दारावर बंदीची पाटी लावली कीं काम भागलें, असें समजण्याचें कारण नाहीं, संध्याकाळ उरतेच.

या संध्याकाळीचा विचार सांगली जिल्ह्यांतील मोहित्यांचें वडगांव या गांवानें केला. तेथील ग्रामसभेनें १४ ऑगस्ट २०२२ रोजीं ठराव केला. देवळावर भोंगा बसला. सायंकाळीं सातला तो वाजला, कीं मोबाइल आणि दूरदर्शनसंच बंद. मुलांनीं वाचावें, लिहावें, मोठ्यांनीं एकमेकांशीं बोलावें. साडेआठास दुसरा भोंगा, मग मोकळीक. पुरुषांनीं प्रथम थट्टा केली. बायकांनीं मात्र मालिकांचा नाद आपल्यालाही जडत चालला आहे हें मान्य केलें, आणि तेथून गाडी रुळावर आली. सुरुवातीस तर लोकांना घरोघर फिरून आठवण द्यावी लागे.

या ठरावाचें मर्म दीड तासांत नसून तो थोरांनाही लागू आहे, यांत आहे. पूर्वीं दिवेलागणीला परवचा चाले तेव्हां नातवाबरोबर आजोबाही पाढे म्हणत. बापानें चटईवर पडून चित्रफिती पाहाव्या आणि मुलास ‘भूगोल वाच’ म्हणावें, यांत भूगोल वाचला जाणें कठीणच.

एक अडचण मात्र गांवाच्या भोंग्यानें सुटण्यासारखी नाहीं. कित्येक शाळा आतां स्वाध्यायच मोबाइलवर धाडतात. घरांत मोबाइल एकच, आणि तो दिवसभर कामावर गेलेल्या बापाच्या खिशांत. तो घरीं येतो सातच्या सुमारास. म्हणजे अभ्यास हातीं पडावा आणि भोंगा वाजावा, असा योग! अशा मुलांसाठीं स्वाध्याय शाळा सुटण्यापूर्वीं फळ्यावर लिहावा आणि वहींत उतरवून घ्यावा; त्यास खडूखेरीज कांहींच लागत नाहीं.