पेटी सांगत होती, मी ऐकलं नाही



दर महिन्याला मी तुमच्याशी बचत, हप्ते, बँकेचे कागद यांविषयी बोलते. आज बोलणार आहे आपल्या संघाच्या ऑफिसातल्या सर्व्हरविषयी. ‘आम्हाला काय त्याचं?’ असं म्हणून रेडिओ बंद करू नका. तुमच्या प्रत्येकीच्या हप्त्याची नोंद त्या पेटीत आहे, आणि माझ्याच हातून ती जवळजवळ गेली होती. ती गोष्ट आज सांगते.

सर्व्हर म्हणजे एक दणकट कॉम्प्युटर. त्यावर कोणी बसून काम करत नाही. तो कोपऱ्यात उभा असतो आणि ऑफिसातले बाकीचे कॉम्प्युटर त्याच्याकडून हिशोब मागून घेतात. आपला सर्व्हर एका संस्थेने वापरून झाल्यावर आपल्याला दिलेला. त्यात दोन डिस्क आहेत. एकीवर जी नोंद होते तीच नोंद त्याच क्षणी दुसरीवर होते. एक बंद पडली तरी दुसरी काम चालवते. याला रेड म्हणतात.

गेल्या वर्षी एप्रिलच्या शेवटी सर्व्हर दर थोड्या वेळाने ‘टीं... टीं...’ करू लागला. झाडलोट करणाऱ्या मावशी म्हणाल्या, “ताई, ती पेटी कण्हतेय. आणि हिरवा दिवा होता तो पिवळा झालाय.” मी म्हटलं, “असेल काहीतरी.” मार्चअखेरचा हिशोब राहिला होता, ऑडिट तोंडावर होतं. आवाजाने डोकं उठलं, म्हणून फोनवर विचारून तो आवाज तेवढा बंद केला. दुखणं तसंच राहिलं. दोनांपैकी एक डिस्क गेली होती आणि सगळा भार एकटी दुसरी वाहत होती. दीड महिना.

जूनमध्ये मशीन फार हळू चालू लागलं. बाहेर पावतीसाठी बायका थांबलेल्या. मी इंजिनिअरला फोन लावला. स्क्रीनवर काय लिहिलंय ते वाचून दाखवलं. तो म्हणाला, “1 नंबरची डिस्क काढून परत नीट बसवा, मग सांगा.” चालू मशीनमधून ही डिस्क काढता येते, म्हणून मला भीती वाटली नाही. पुढचं झाकण काढलं, सगळ्यात वरची डिस्क ओढली, आणि सर्व्हर जागच्या जागी थांबला.

मैत्रिणींनो, आपण मोजतो एकपासून. या मशीनमध्ये मोजणी शून्यापासून होती. वरची डिस्क 0 नंबरची, खालची 1 नंबरची. मी चांगली डिस्क काढली. खालच्या डिस्कवर पिवळा दिवा डोळ्यांसमोर होता, पण कानात ‘1 नंबर’ होतं आणि मागे रांग होती.

डिस्क परत बसवली, मशीन सुरू झालं, पण हिशोबाचा प्रोग्राम उघडेना. नोंद लिहिली जात असतानाच डिस्क ओढली गेली, त्यामुळे फाइल अर्धवट राहून बिघडली. बाहेरच्या डिस्कवर घेतलेली शेवटची प्रत होती 31 मार्चची. म्हणजे अडीच महिन्यांचे हप्ते, कर्जं, व्याज, काहीच नाही.

त्या रात्री मला झोप लागली नाही. पैसे बँकेत होते, ते कुठे जाणार नव्हते. पण कोणी किती भरले हे कोण सांगणार?

ते तुम्हीच सांगितलंत. गावोगाव निरोप गेला आणि तुम्ही पासबुकं आणि प्रोसिडिंग रजिस्टर घेऊन आलात. नऊ दिवस आम्ही तिघी एकेक ओळ परत भरत होतो. एका ताईने मे महिन्यात चार हजारांचा हप्ता रोख भरला होता. तिची पावती पावसात भिजून लगदा झालेली, पासबुकात नोंद करायची राहून गेलेली. ती ऑफिसच्या पायरीवर बसून रडायला लागली. पण त्यांच्या गटाच्या सचिवाने बैठकीच्या वृत्तांतात तो हप्ता लिहिला होता, खाली नऊ जणींच्या सह्या होत्या. त्या सह्यांवर तिचे चार हजार वाचले.

नंतर इंजिनिअर स्वतः आला, डिस्क बदलली. त्याच्याकडून मी जे शिकले ते आता सांगते. कारण आता बऱ्याच ठिकाणी आपल्याच बायका ऑफिस सांभाळतात.

पहिलं, सर्व्हर बिघडण्याआधी सांगतो. हिरवा दिवा म्हणजे ठीक, पिवळा किंवा नारिंगी म्हणजे लक्ष द्या. शिवाय सर्व्हरची स्वतःची एक नोंदवही असते, तिला लॉग म्हणतात. आमच्या लॉगमध्ये डिस्क कोणत्या दिवशी गेली ते तारीख-वेळेसकट लिहिलेलं होतं. ते वाचताना मला मान वर करवेना. आता सर्व्हरशेजारी एक साधी वही टांगली आहे. दिवा बदलला, आवाज आला, लाईट गेली, की तारीख घालून लिहायचं. पहिल्या पानावर मावशींचं अक्षर आहे.

दुसरं, आधी बघायचं, मग हात लावायचा. स्क्रीनवर इंग्रजी अक्षरं आली की घाबरून कुठलंही बटण दाबू नका. मोबाइलवर फोटो काढा आणि इंजिनिअरला पाठवा. डिस्कच्या बाबतीत मशीन कधी कधी विचारतं की जुनी मांडणी ‘इम्पोर्ट’ करू की ‘क्लिअर’ करू. क्लिअर म्हणजे स्वच्छ असं वाटतं, पण इथे त्याचा अर्थ पुसून टाकणं. आमच्या डिस्कवर आता आम्ही 0 आणि 1 असे चिकटपट्टीचे आकडे लावले आहेत. फोनवर कोणी नंबर सांगितला की उलट विचारायचं, “वरची की खालची? पिवळा दिवा असलेलीच ना?”

तिसरं, एका वेळी एकच बदल. वायर बदलली, तर तेवढंच करून बघायचं. तीन गोष्टी एकदम बदलल्या, तर गुण कशाने आला ते कळत नाही. आणि सुरुवात सोप्यापासून. प्लग सैल आहे का, यूपीएस चालू आहे का, पंख्याच्या जाळीत धूळ भरली आहे का? एकदा आमच्या पावत्यांवर भलतीच जुनी तारीख पडायला लागली, व्याज चुकायला लागलं. प्रोग्राम बिघडला म्हणून आम्ही दोन दिवस डोकं धरून बसलो. निघालं काय, तर आतल्या बोर्डावरचा नाण्याएवढा सेल संपला होता. मशीनची वीज पूर्ण बंद असताना घड्याळ त्या सेलवर चालतं. तो बदलला, तारीख बरोबर लावली, काम झालं.

चौथं, फर्मवेअर. हा शब्द तुम्हाला नवीन असेल. वासरू जन्मलं की उभं राहून आचळ शोधतं, ते त्याला कोणी शिकवत नाही. तसं मशीनच्या प्रत्येक भागात कंपनीने आधीच काही शिकवण भरून ठेवलेली असते. ते फर्मवेअर. त्यातही चुका असतात. एचपीई या मोठ्या कंपनीने नोव्हेंबर 2019 मध्ये जाहीर केलं की तिच्या काही एसएसडी डिस्क 32,768 तास, म्हणजे 3 वर्षं 270 दिवस 8 तास चालल्या की बंद पडतील, आणि मग डिस्कही परत मिळणार नाही, डेटाही नाही. दोष फर्मवेअरमध्ये होता. वेळेत नवीन फर्मवेअर भरलं की डिस्क वाचत होती. आता विचार करा, दोन्ही डिस्क एकाच दिवशी बसवल्या असतील तर दोन्ही जवळपास एकाच वेळी जाणार. मग जोडीचा काय उपयोग? म्हणून इंजिनिअरला वर्षातून एकदा तरी विचारा, “आपल्या मशीनसाठी कंपनीने काही सूचना दिली आहे का?” पण फर्मवेअर भरताना वीज गेली तर तो भाग कायमचा निकामी होऊ शकतो. म्हणून आधी प्रत काढायची, यूपीएस तपासायचा, आणि आभाळ भरून आलं असेल तर ते काम पुढे ढकलायचं.

पाचवं, आणि सगळ्यात महत्त्वाचं. दोन डिस्क म्हणजे बॅकअप नव्हे. चुकीची नोंद केली, तर ती दोन्हीकडे चुकीचीच होते. पुसली, तर दोन्हीकडून पुसली जाते. बॅकअप म्हणजे वेगळी काढून वेगळ्या जागी ठेवलेली प्रत. आता आम्ही दर शुक्रवारी प्रत काढतो. बाहेरच्या दोन डिस्क आहेत, एक आठवडा ही, एक आठवडा ती, आणि एक नेहमी अध्यक्षताईंच्या घरी कपाटात. तीन महिन्यांतून एकदा ती दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडूनही बघतो. घरातलं बियाणंसुद्धा आपण पेरणीआधी उगवून बघतोच की.

जाता जाता दोन कामं सांगते. पुढच्या बैठकीला आपापलं पासबुक काढून बघा, मागच्या हप्त्याची नोंद आहे का. आणि ऑफिसात याल तेव्हा आम्हाला विचारा, “ताई, शेवटची प्रत कधी काढली?” विचारायला लाजू नका. आम्हाला राग येणार नाही. आला, तरी विचारा.