लाटांचे गणित



मैफल सुरू होण्यापूर्वी गवई तंबोरा जुळवीत बसतात, तेव्हा तुम्ही तो कान देऊन ऐकला असेल. तंबोऱ्याला तारा चार. एक पंचमाची, दोन जोडाच्या आणि एक खर्जाची. गांधाराची तार त्यात नाही. तरीही जवारी नीट बसली, तंबोरा चांगला जुळला, की त्यातून स्वच्छ गांधार ऐकू येतो. जाणकार त्याला ‘स्वयंभू गांधार’ म्हणतात. हा येतो कोठून? तो खर्जाच्या तारेतच असतो. तार छेडली म्हणजे ती सबंध हालते, त्याच वेळी दोन भागांत हालते, तीन भागांत, चार भागांत, पाच भागांत हालते. आणि या पाच भागांतल्या हालण्याचा स्वर म्हणजे गांधार. कानावर येणारी हवेची लाट एकच. तिच्या पोटात मात्र पुष्कळ साध्या लाटा असतात, आणि आपला कान त्या निवडून काढतो.

कान जे करतो तेच आकड्यांनाही करता येते. उच्च गणिताचा उपयोग काय, असे आमचे विद्यार्थी विचारतात. त्यांचे वडील तर जास्तच विचारतात. ‘पुष्कळ आहे’ असे मोघम सांगून त्यांचे समाधान होत नाही, आणि होऊही नये. म्हणून आज ही एकच कल्पना घेऊन ती कोठे कोठे जाऊन पोहोचली, ते पाहू.

ही कल्पना ज्याच्या नावाने ओळखली जाते तो झोझेफ फूर्ये हा एका फ्रेंच शिंप्याचा मुलगा. १७९८ मध्ये तो नेपोलियनबरोबर इजिप्तला गेला, परतल्यावर ग्रनोबल येथे राहून एका जिल्ह्याचा कारभार पाहू लागला. उष्णतेवर त्याची भारी भक्ती. घरातल्या खोल्यासुद्धा तो नको इतक्या गरम ठेवी, असे सांगतात. त्याचा प्रश्न साधा होता. लोखंडाच्या कांबीत आत्ता कोठे किती उष्णता आहे हे माहीत असेल, तर तासाभराने काय स्थिती असेल? कांबीतील उष्णतेचा आलेख वेडावाकडा असला तर गणित फार अवघड होते. पण तो आलेख एकच गुळगुळीत लाट असेल, तर उत्तर सोपे आहे : लाटेचा आकार तोच राहतो, फक्त उंची ठरावीक गतीने घटत जाते. तेव्हा फूर्येने म्हटले, आलेख कसाही असो, तो अशा लाटांची बेरीज म्हणून मांडा; प्रत्येक लाटेला आपापल्या गतीने विरू द्या; आणि मग पुन्हा बेरीज करा. झाले!

हा निबंध त्याने १८०७ मध्ये पॅरिसच्या विद्वत्सभेपुढे ठेवला. परीक्षकांत लाग्रांज होता, आणि त्याला हे पटेना. ज्या आलेखाला कोपरे आहेत, जो मध्येच तुटून एकदम वर उडी घेतो, तो गुळगुळीत लाटांच्या बेरजेतून निघेल कसा? लाग्रांजला हटवादी म्हणण्याची आपल्याकडे पद्धत आहे, पण मला त्याची शंका अगदी रास्त वाटते. फूर्येपाशी तिला पुरे उत्तर नव्हते. ते पुढे १८२९ मध्ये डिरिक्ले याने दिले, तेही काही अटी घालून. याच श्रेढींचा विचार करता करता कँटर १८७० च्या सुमारास अनंत संचांच्या सिद्धांताकडे वळला. शाळेत वर्तुळे काढून संच शिकणाऱ्या मुलांना त्यांचे मूळ तापलेल्या कांबीपर्यंत जाते, हे कोणी सांगतच नाही.

आता जरा समुद्राकडे वळू. कोकणातले खलाशी तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात. अष्टमी असली की सहाच्या सुमारास भरती. होडीपुरता हा हिशेब चालतो. मोठे जहाज बंदरात घ्यायचे तर पाणी किती चढेल तेही आधी कळायला हवे. भरतीत चंद्राची एक लाट असते, तिचे आवर्तन १२ तास २५ मिनिटांचे; सूर्याची एक, १२ तासांची. दोन्ही जुळल्या की उधाण, एकमेकींना काटू लागल्या की भांग. शिवाय लहानमोठ्या अनेक लाटा असतातच. (काटेकोर बोलायचं तर ही फूर्येची श्रेढी नव्हे, कारण ही आवर्तने एकमेकांच्या पटीत नाहीत, कल्पना मात्र तीच.) विल्यम टॉमसन, म्हणजे पुढचे लॉर्ड केल्व्हिन, यांनी या लाटांची बेरीज करणारे यंत्रच बनविले. प्रत्येक लाटेसाठी एक फिरती कप्पी, सगळ्या कप्प्यांवरून गेलेली एक तार, आणि तारेच्या टोकाशी लेखणी. हिंदुस्थानातील बंदरांसाठी असे एक यंत्र एडवर्ड रॉबर्ट्स यांच्या आराखड्यावरून लंडनमध्ये १८७९ साली तयार झाले. त्यात वीस लाटांची सोय होती.

याच केल्व्हिननी फूर्येचेच उष्णतेचे गणित लावून पृथ्वीचे वय २ ते ४० कोटी वर्षे काढले होते. आज ते सुमारे ४५४ कोटी मानतात. गणितात चूक नव्हती. पृथ्वी नुसती निवत चाललेल्या घट्ट गोळ्यासारखी आहे, हे गृहीतच खरे नव्हते. उपयोग सांगताना ही बाजूही सांगायला हवी.

विसाव्या शतकात ही कल्पना स्फटिकांत शिरली. क्ष-किरण स्फटिकातून गेले की पलीकडच्या काचेवर ठिपके उमटतात. प्रत्येक ठिपका म्हणजे आतील अणूंच्या रचनेची एक लाट. सगळ्या लाटांची बेरीज केली की अणू कोठे आहेत ते दिसते. अडचण एवढीच, की ठिपक्यावरून लाट किती उंच आहे हे कळते, ती कोठून सुरू झाली हे कळत नाही. अशा अर्ध्या माहितीवर डोरोथी हॉजकिन यांनी १९४५ मध्ये पेनिसिलिनची आणि नंतर बी-१२ जीवनसत्त्वाची रचना उलगडली. हरवलेली अर्धी माहिती गणितानेच मिळविण्याची वाट ज्या दोघांनी दाखविली, त्यांतील हर्बर्ट हॉप्टमन हे मुळात गणिती. १९८५ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले, ते रसायनशास्त्राचे!

हे सारे हिशेब विलक्षण वेळखाऊ होते. दहा लाखांच्या आसपास नोंदी असल्या तर त्यांतील लाटा सरळ रीतीने वेगळ्या काढायला लाखभर कोटींहून अधिक गुणाकार लागतात. सेकंदाला दहा लाख गुणाकार करणारे यंत्र त्यात पावणेतेरा दिवस अडकून पडेल. १९६५ मध्ये कूली आणि ट्यूकी या दोघा अमेरिकनांनी एक युक्ती प्रसिद्ध केली. नोंदींचे सम आणि विषम क्रमांकाचे दोन गट पाडा. प्रत्येक गटाचा हिशेब एकदाच करून दोनदा वापरा. गटांचे पुन्हा गट पाडा, आणि असेच खाली जात राहा. तेच यंत्र आता एकवीस सेकंदांत मोकळे होते. भूमिगत अणुचाचण्यांचे हादरे दुरून ओळखता यावेत, ही या कामामागची एक निकड होती. गंमत अशी, की हीच युक्ती गाउसने १८०५ च्या सुमारास लघुग्रहांच्या कक्षा काढताना वापरली होती. ती त्याच्या कागदांत पडून राहिली.

त्यानंतर मात्र ही कल्पना घरोघर आली. आपल्या मोबाइलचा संदेश अनेक बारीक लाटांवर वाटून पाठवला जातो आणि त्या लाटा पुन्हा वेगळ्या करण्याचे काम हीच युक्ती करते. आपण फोटो पाठवतो तो लहान व्हावा म्हणून त्याचे चौसष्ट ठिपक्यांचे तुकडे लाटांत मोडतात आणि डोळ्याला न जाणवणाऱ्या लाटा टाकून देतात. ही रीत नासिर अहमद, नटराजन आणि राव यांनी १९७४ मध्ये मांडली. रुग्णालयातील एम.आर.आय. यंत्रातही चित्र तयार होते ते याच बेरजेतून.

आपल्या अगदी जवळचे उदाहरण हवे असेल तर नारायणगावजवळ खोडदला जा. तेथे टाटा मूलभूत संशोधन संस्थेची, डॉ. गोविंद स्वरूप यांच्या पुढाकाराने उभी राहिलेली रेडिओ दुर्बीण आहे : ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या, पंचवीस किलोमीटरच्या टापूत पसरलेल्या. आकाशाचे तयार चित्र त्यांतील एकाही तबकडीला दिसत नाही. कोणत्याही दोन तबकड्यांचे संकेत एकत्र केले की त्या चित्रातील एक लाट हाती येते, आणि ती किती रुंद, हे त्या दोन तबकड्यांमधील अंतरावर ठरते. तीस तबकड्यांच्या जोड्या होतात ४३५. पृथ्वी फिरते तशा या जोड्याही आकाशाच्या मानाने फिरतात आणि रात्रभरात आणखी लाटा गोळा होतात. पण ज्या अंतरावर कोणतीच जोडी येत नाही, त्या लाटा राहून जातात. त्या रिकाम्या जागा कशाने भरायच्या आणि भरलेले चित्र कितपत खरे मानायचे, हे ठरवायला लाग्रांजसारखाच शंकेखोर माणूस लागतो.