शेवटची चढाई



१९९० साली बीजिंगच्या एशियाडमध्ये कबड्डीला पहिल्यांदा पदक मिळणार होतं. सुवर्ण आपणच जिंकलं. आपण तेव्हा नववीत होतो. भांडुपच्या गल्लीगल्लीत चुन्याच्या रेघा पडल्या, तेव्हापासून मी या खेळाचा झालो.

त्याच डिसेंबरात आंतरशालेय सामन्याच्या शेवटच्या चढाईत माझा पाय रेषेबाहेर पडला. पंचांना दिसलं नाही. पीटीच्या सरांना दिसलं. ते ओरडले, "बाद आहेस, हात वर कर!" केला. एका गुणाने हरलो. महिनाभर मी सरांशी अबोला धरला.

आज मी इथेच मुलींना कबड्डी शिकवतो. मातीच्या जागी मॅट आली, पायांत बूट आले. गेल्या वर्षी आमच्या एका मुलीचा पाय तसाच बाहेर पडला. तिने माझ्याकडे पाहिलं. मी मान फिरवली. ढाल आम्हाला मिळाली.

पुढच्या सरावाला तिने विचारलं, "सर, तो पॉइंट आपला होता का?"

"नव्हता," एवढंच म्हणालो.

सर, तुम्ही आज समोर बसला आहात. त्या अबोल्याची माफी मागतो. हात वर करणं सोपं होतं; करायला सांगणं किती अवघड, ते आत्ता कळलं.