लेकरांना इतिहास कसा शिकवावा

(एका खेड्यांतील प्राथमिक शाळेच्या पालकसभेंत झालेलें भाषण)



गणित आलें तर बाजारांत फसगत होत नाहीं, वाचतां आलें तर सात-बारा कळतो. पण मेलेल्या राजांच्या गोष्टी पाठ करून आमच्या पोरांच्या पदरांत काय पडणार, असा प्रश्न शेतकरी-कारागिरांच्या घरीं नेहमीं ऐकूं येतो. प्रश्न रोखठोक आहे, तेव्हां उत्तरही तसेंच दिलें पाहिजे.

इतिहास म्हणजे समाजाच्या हिशेबाची वही. ती ज्याला वाचतां येत नाहीं, त्याला कोणीही उठावें आणि वाटेल ती बाकी दाखवावी. "तुम्ही पहिल्यापासून असेच" असें कोणी म्हटलें, कीं तो बिचारा मान डोलावतो. वही दुसऱ्याच्या हातीं असली म्हणजे काय होतें, तें आपल्या वाडवडिलांनीं सोसलें आहे. अमेरिकेंत १८६१ ते १८६५ लढाई चालली, तेव्हां इकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. लढाई संपतांच भाव कोसळला. त्यांत सरकारनें शेतसारा वाढविला, आणि सावकारानें हात आखडून जुन्या कर्जाचा तगादा लावला. अखेर १२ मे १८७५ रोजीं पुणें जिल्ह्यांतील सुपें गांवीं, भर बाजारच्या दिवशीं, शेतकऱ्यांनीं सावकारांच्या दुकानांवर चाल केली. हें लोण पुणें व अहमदनगर या जिल्ह्यांत पसरलें. पण लक्षांत घ्या, त्यांचा रोख माणसें मारण्यावर नव्हता. तो कर्जरोखे हस्तगत करून जाळण्यावर होता. ज्या कागदावर आपण आंगठा केला, त्यांत काय लिहिलें आहे हें वाचतां येत नव्हतें, म्हणून तो जाळावा लागला! पुढें १८७९ सालीं कायदा झाला आणि रोख्याच्या मागें जाऊन मूळ व्यवहार कसा झाला हें तपासण्याचें काम कोर्टावर आलें.

मुलाला हा एकच धडा नीट सांगितला, तर इतिहास, भूगोल, व्याजाचें गणित आणि अक्षरओळखीचें मोल हीं चारही एकदम कळतात. लिहिलेल्या कागदाच्या मागें जाऊन पाहणें, हीच तर इतिहासाची खरी विद्या.

आतां आपल्या लाडक्या राजाकडे वळूं. महाराष्ट्रांत कित्येक पिढ्या चौथीच्या वर्गांत शिवछत्रपतींचा इतिहास शिकल्या. अफजलखान, आग्रा, राज्याभिषेक हें सारें मुलांना तोंडपाठ असतें, आणि तें असावेंच. पण १६७३ सालचें महाराजांचें एक पत्र किती मुलांना माहीत आहे? चिपळूण भागांत छावणी करून राहिलेल्या लष्कराच्या जुमलेदारांना, हवालदारांना व कारकुनांना तें लिहिलेलें आहे. दाणागवत बेतानें वापरा, पावसाळाभर तें पुरलें पाहिजे. संपलें तर तुम्ही कुणब्याच्या घरांत शिराल, आणि मग यांच्यापेक्षां मोगल बरा असें त्याला वाटेल. जें लागेल तें बाजारांतून पैसे देऊन आणा. गवताजवळ चूल पेटवूं नका, चिलीम ओढूं नका. रात्रीं दिवा जळत ठेवला तर उंदीर पेटती वात ओढून नेईल. असा त्या पत्राचा मतलब आहे. ज्या पोरानें घरची गंजी पेटलेली पाहिली असेल, त्याला हें पत्र समजावून सांगावें लागत नाहीं. तलवारीनें राज्य मिळतें; तें टिकतें कशानें, याचें उत्तर त्या गवताच्या काडींत आहे.

रायगडावर जगदीश्वराच्या देवळाच्या पायरीवर हिरोजी इंदुलकर यांचें नांव कोरलेलें आहे. पण ती पायरी घडविणारा पाथरवट कोण, गडावर पाणी वाहणारी बाई कोण, हें कोठेंच लिहिलेलें नाहीं. गुरुजींनीं तेथें क्षणभर थांबावें आणि विचारावें, "मुलांनो, हा गड बांधावयास कोणकोण लागलें असतील?" लोहाराचा पोर भात्याचें नांव घेईल, सुताराची पोर वाशांचें, बुरुडाची टोपलीचें. आपला बाप इतिहासाबाहेर नाहीं, हें त्या दिवशीं त्यांना कळेल.

सनावळीचा बाऊ मात्र करूं नये. लहान मुलाला तीनशें वर्षें म्हणजे किती हें कळत नाहीं. तें पायांनीं मोजून दाखवावें. शाळेच्या पटांगणांत एक पाऊल म्हणजे दहा वर्षें धरा. मुलाचा जन्म पहिल्याच पावलांत येतो. १९७२ चा दुष्काळ पांच-साडेपांच पावलांवर, १९४७ चें स्वातंत्र्य आठांच्या आसपास, सुप्याचा बाजार पंधरांवर, आणि १६७४ चा राज्याभिषेक पस्तिसांवर. मुलें हें जन्मांत विसरणार नाहींत, आणि याला दमडीचा खर्च नाहीं.

दुसरी संवय लावावी ती "हें कशावरून?" असें विचारण्याची. त्याच काळीं लिहिलेलें पत्र आणि शंभर-दीडशें वर्षांनीं लिहिलेली बखर यांचें वजन सारखें नसतें. कोणी उलटून विचारलें तर गुरुजींनीं रागावूं नये; त्या पोराची पाठ थोपटावी.

आणखी एक गोष्ट स्पष्ट सांगतों. ती कोणाला झोंबली तरी चालेल. जोतीराव फुल्यांनीं १८६९ सालीं शिवरायांचा पवाडा रचून रयतेच्या डोळ्यांनीं इतिहास कसा दिसतो तें दाखविलें. त्याचा अर्थ आपण असा करूं नये कीं, जुन्या पोथींत आमचें नांव नव्हतें, म्हणून नव्या पोथींतून दुसऱ्याचें खोडावें. हल्लीं ज्याची त्याची जात आपापला राजा, आपापला वीर उचलून मिरविते, आणि शेजारच्या पोराला तेवढ्यासाठीं शत्रू ठरविते. शाळेंत हें विष येऊं देऊं नका. पोरें एका पंक्तीला बसून खिचडी खातात, तेथें त्यांना पूर्वजांचीं भांडणें वांटून देणें हें पाप आहे. अन्याय झाला तो झांकूं नये. पण त्याचा जाब आजच्या लेकरांकडे मागूं नये.

आतां तुमच्याकडे तीन मागणीं. पहिलें, घरांतल्या आजी-आजोबांना एक दिवस शाळेंत पाठवा. बहात्तरच्या दुष्काळांत खडी फोडलेली, मिलो आणि सुकडी खाऊन दिवस काढलेली माणसें अजून आपल्यांत आहेत. पण दरसाल त्यांतलीं कांहीं कमी होतात. त्यांचें बोलणें मुलांनीं वहींत उतरून घ्यावें. दुसरें, माळ्यावरचे जुने कागद, मोडी दस्त, फाळणीपत्रें रद्दींत घालूं नका. आधीं जाणत्याला दाखवा. तिसरें, गांवच्या वेशींतला वीरगळ, जुनी बारव, शेतांचीं नांवें यांची माहिती पोरांना सांगा; आणि वीरगळाला शेंदूर फांसून त्यावरची कोरणी बुजवूं नका.

पुस्तक सरकार देईल, धडा गुरुजी शिकवतील. पण त्या वहींतलीं आपल्या घरचीं पानें आपल्यालाच भरावीं लागतील. सांगणारीं माणसें आहेत तोंवर हें काम हातीं घ्या, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेतों.