वारा फिरला की सांबर फिरतं

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

आज माझ्या एका फजितीची गोष्ट सांगतो. १९९१ सालच्या मे महिन्यातली बुद्धपौर्णिमा. मेळघाटात पाणवठ्यांवर प्राणिगणना होती. उन्हाळ्यात नाले आटतात, पाणी मोजक्या डोहांत उरतं आणि पौर्णिमेच्या चांदण्यात पाण्यावर आलेलं जनावर दिसतं, म्हणून ही रात्र निवडायची पद्धत. मी शाळामास्तर, हौशी गणक. माझ्या जोडीला पायथ्याच्या गावचे, पन्नाशी उलटलेले एक वनमजूर होते. मी त्यांना दादा म्हणायचो.

दुपारी चारच्या सुमारास आम्ही डोहावर पोचलो. बसण्याजोग्या दोन जागा होत्या. एक डोहाच्या वर, नाला जिकडून येतो त्या बाजूला. दुसरी डोहाच्या खाली. मी पुस्तकं वाचलेला माणूस. वाळलं गवत मुठीत चुरलं आणि हवेत सोडलं. चुरा नाल्याच्या वरच्या अंगाला गेला. म्हणजे वारा खालून वर वाहत होता. तेव्हा आपण डोहाच्या वर बसलो तर आपला वास पाण्यापासून दूर जाणार. हिशेब सरळ होता. दादा म्हणाले, "गुरुजी, खालच्या अंगाले बसू जी." मी त्यांना चुरा उडवून दाखवला. ते काही बोलले नाहीत.

सूर्य डोंगराआड गेला. वारा पडला, पान हलेना. आणि मग मानेला मागून गार झुळूक लागली. दादा हलक्या आवाजात म्हणाले, "वारं फिरलं, गुरुजी." नऊच्या सुमारास समोरच्या उतारावर पाचोळा वाजला. एक दगड घरंगळला. आवाज थांबला. बराच वेळ काहीच नाही. मग 'ढांक्' असा खणखणीत आवाज आला, खूर आपटल्याचा आवाज आला आणि सगळा डोंगर जागा झाला. सांबराने आम्हांला पाहिलं नव्हतं. आमचा वास त्याच्यापर्यंत उतरला होता. पहाटेपर्यंत त्या पाण्यावर काही आलं नाही. गणनेच्या कागदावर मी लिहिलं: सांबर एक, फक्त आवाज.

माझं चुकलं कुठे? मी दुपारचा वारा पाहिला आणि बसणार होतो रात्रभर. सपाट मैदानातला वारा आणि डोंगरातला वारा यांत फरक आहे. उन्हाने उतार तापतो, त्याला लागून असलेली हवा तापून हलकी होते आणि चढणीने वर सरकते. सूर्य कलला की उतार लवकर निवतो, हवा गार आणि जड होते आणि खाली घसरते. रात्रीची ही हवा अगदी पाण्यासारखी वागते. उतारावरून नाल्यात उतरते आणि नाल्यानाल्याने खाली वाहते. सकाळी पूर्वेकडचा उतार आधी तापतो, त्यामुळे तिथली हवा चढू लागलेली असताना पश्चिम उतारावरची अजून उतरत असते. आभाळ भरलेलं असलं किंवा मोठा वारा सुटला की हे वेळापत्रक बिघडतं. डोंगराच्या आडोशाला तर वारा गिरकी घेऊन उलटा फिरतो.

सांबराला हे वेळापत्रक पाठ असतं. सांबर हे आपल्याकडचं सर्वांत मोठं हरीण. भरलेला नर दोनशे किलोंच्या वर जातो. नाक आणि कान तिखट. स्थिर उभा राहिलेला माणूस त्याच्या नजरेला पटकन उमगत नाही, पण वासाची चूक होत नाही. दिवसा ते उतारावर, माथ्याच्या जरा खाली, एखाद्या सपाट टप्प्यावर बांबूच्या सावलीत बसतं. खालची सगळी बातमी वर चढणारी हवा त्याच्या नाकाशी आणून देते. धोका वाटला तर चार ढांगांत माथा ओलांडून पलीकडे.

रात्री मात्र त्याला पाण्यासाठी खाली यावं लागतं, आणि हवाही त्याच्याबरोबर खालीच जात असते. म्हणजे पुढे नाल्यात कोण दबा धरून बसलं आहे हे त्याच्या नाकाला कळत नाही. दिवसभर राखण करणारं नाक नेमकं पाण्यावर उतरताना कमी पडतं. म्हणून ते काठावर येऊन उभंच्या उभं राहतं, कान फिरवतं, शक्य तर वळसा घालून वारा तोंडावर घेतं. आपल्याला वाटतं, किती हे भित्रं! ते भित्रेपण नव्हे, ती तपासणी असते.

हे गणित वाघालाही ठाऊक असतं. कुमाऊंच्या डोंगरांत नरभक्षकांच्या मागावर फिरलेल्या जिम कॉर्बेट यांनी लिहून ठेवलं आहे की, माणसाला वास येत नाही हे वाघाला माहीत नसतं. तो माणसाकडेही हरणाकडे यावं तसाच, वाऱ्याच्या उलट दिशेने येतो. म्हणून वाऱ्याकडे तोंड करून चालताना धोका पाठीशी असतो. कॉर्बेट अशा वेळी वाऱ्याला आडवे, नागमोडी चालत. म्हणजे धोक्याची बाजू कधी डावीकडे, कधी उजवीकडे राही.

आणखी एक दाखला. १८६० नंतरच्या दशकात इंग्रजांनी सांबरं ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया प्रांतात नेऊन सोडली. तिथल्या डोंगराळ जंगलात ती चांगलीच फोफावली आणि आज परवाना घेऊन त्यांची शिकार चालते. तिथे वाघ नाही, बिबट्या नाही. तरी शिकारी वारा पाहायला जवळ पावडरची बाटली बाळगतो. दीडशे वर्षांनीही सांबराचं नाक तेच आहे.

आता पुन्हा त्या डोहावर येऊ. उजाडल्यावर दादा मला डोहाच्या खालच्या बाजूला घेऊन गेले. तिथे नाला एका उभ्या कड्यावरून खाली पडतो. पावसाळ्यात धबधबा, मे महिन्यात कोरडा खडक. कडा चढून त्या बाजूने जनावर येऊच शकत नाही. रात्री वास त्याच बाजूला वाहून जातो. वारा आणि जमीन, दोन्हींचा मेळ बसलेली तेवढी एकच जागा होती. मी अर्धंच गणित मांडलं होतं.

त्या जागी गुडघाभर उंचीचा दगडांचा आडोसा रचलेला होता. आत विड्यांची थोटकं पडली होती. चोरटी शिकार करणाऱ्याने तीच जागा हेरली होती. दादा एकेक दगड कड्यावरून खाली ढकलत म्हणाले, "गस्तीत मी आंधी पाणी नाही पाहत गुरुजी, आंधी हे जागा पाहतो."

हे त्यांना कुणी शिकवलं, असं मी विचारलं. पूर्वी शिकारीसाठी जंगलाचे ब्लॉक पाडलेले असत, परवान्यावर साहेबलोक येत. तरुणपणी दादा त्यांच्या हाक्याला जात. हाकारे खालून आरडाओरडा करत येणार, सांबरं चढणीने खिंडीकडे निघणार, आणि खिंडीत बंदूक. पण खिंडीतून वारा खाली येत असला की सांबरं आवाजाला न जुमानता उलटी फिरत आणि हाकाऱ्यांची फळी फोडून जात. कोण हरलं, कोण जिंकलं, हे वारा ठरवायचा. पुढे १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला. १९७३ साली व्याघ्र प्रकल्प सुरू झाला आणि त्याच्या पहिल्या नऊ क्षेत्रांत मेळघाट होतं. बंदूक गेली. दादांचं ज्ञान मात्र राहिलं, आणि ते आता सांबराच्या बाजूने उभं होतं.

२००८ पासून सांबराची नोंद जागतिक यादीत 'असुरक्षित' अशी आहे. जंगलात गस्त घालणारी नवी मुलं शिकलेली आहेत, हाती यंत्रं आहेत. त्यांनी एखादा दिवस अशा जुन्या माणसाबरोबर नाल्यात बसावं. हे ज्ञान कागदावर फार थोडं उतरलं आहे.

पुढच्या वर्षी मी दादांच्या जागी बसलो. चुरा उडवला नाही. चांदण्यात सात सांबरं पाण्यावर आली. शेवटची मादी पाणी पिऊन आमच्याकडे बराच वेळ पाहत राहिली, आणि मग सावकाश चढणीला लागली.