शेजारची मुले आणि आपले घर
(जुबिली समारंभात धर्मगुरूंनी केलेले भाषण)



जुबिलीच्या दिवशी वक्त्याने मागील वर्षांचा इतिहास सांगावा, उपकारकर्त्यांचे आभार मानावे आणि लोकांस भूक लागण्यापूर्वी आपली जागा घ्यावी, असा शिरस्ता आहे. इतिहास सांगणारे आमच्याहून जाणते वक्ते आज येथे आहेत. ते काम त्यांच्यावर सोपवून आम्ही एका अगदी घरगुती गोष्टीकडे तुमचे लक्ष वेधू इच्छितो.

आमच्याकडे जी गाऱ्हाणी येतात, त्यांत अलीकडे एकच गाऱ्हाणे पुनःपुन्हा ऐकू येते. रात्री कौलांवर दगड पडतात, खिडकीची तावदाने फुटतात, दारापुढच्या कुंड्या फोडलेल्या आढळतात, दुचाकीचे आसन ब्लेडने फाडलेले असते, नुकत्याच रंगविलेल्या भिंतीवर ओंगळ शब्द लिहिलेले दिसतात. हे करणारे कोण, ते सर्व गल्लीस ठाऊक असते. ती परगावची माणसे नव्हेत, तर चौदा ते सतरा वर्षांची शेजारचीच मुले असतात. एका वृद्ध विधवा बाईंनी आम्हांस विचारले, "फादर, क्षमा करा असे तुम्ही दर रविवारी सांगता. पण पुन्हा पुन्हा फुटणाऱ्या काचेला किती वेळा क्षमा करायची?" हा प्रश्न टाळण्यासारखा नाही, म्हणून आज त्याचे उत्तर देण्याचा यत्न करतो.

प्रथम एका भीतीविषयी बोलले पाहिजे. आपल्या या जिल्ह्यात २३ डिसेंबर २०१८ रोजी चंदगड तालुक्यातील कोवाड येथे प्रार्थनेस जमलेल्या ख्रिस्ती लोकांवर हल्ला झाला. ७ जून २०२३ रोजी मोबाइलवरील काही मजकुरावरून खुद्द कोल्हापुरात बंद पुकारला गेला आणि दगडफेक झाली. १४ जुलै २०२४ रोजी विशाळगडाच्या पायथ्याशी गजापूर येथे जमावाने मुसलमान बांधवांच्या घरांची व मशिदीची नासधूस केली. ज्यांनी हे पाहिले अथवा ऐकले, त्यांना कौलावरचा प्रत्येक दगड धर्मद्वेषाचाच वाटावा, यात नवल नाही. खरोखरच तसा हल्ला झाला, तर क्षणाचाही विलंब न लावता पोलिसांकडे जावे. परंतु त्याच रात्री शेजारच्या मराठ्याच्या अथवा मुसलमानाच्या दुचाकीचे आसनही फाटले असेल, तर तो उनाडपणा आहे, धर्मयुद्ध नव्हे, हे ओळखण्याइतका विवेक आपल्या अंगी असावा. पोराच्या हातातील दगडास धर्माचा रंग प्रथम आपणच दिला, तर उद्या त्याच पोरास तो रंग फासून रस्त्यावर उतरविणारे पुष्कळ भेटतात.

मुले असे का करतात? याचे उत्तर ख्रिस्तसभेच्या एका थोर आचार्याने स्वतःच्या अनुभवावरून लिहून ठेवले आहे. चौथ्या शतकातील संत ऑगुस्तीन सोळा वर्षांचे असताना पैशाच्या अडचणीमुळे त्यांचे शिक्षण खंडित झाले व ते वर्षभर घरी रिकामे होते. तेव्हा एके रात्री सोबत्यांच्या टोळीसह त्यांनी शेजारच्या झाडाची नासपतीची फळे झोडपून नेली. भूक नव्हती, फळेही काही विशेष गोड नव्हती, बहुतेक डुकरांपुढे टाकून दिली. पुढे आपल्या आत्मकथनात या कृत्याची चिकित्सा करताना ते म्हणतात की, एकटा असतो तर हे आपल्या हातून घडलेच नसते. १६०० वर्षांनंतर शास्त्रज्ञांनी हेच प्रयोगाने दाखविले. अमेरिकेतील गार्डनर व स्टाइनबर्ग या दोन संशोधकांनी २००५ साली ३०६ व्यक्तींवर केलेला प्रयोग प्रसिद्ध केला. सोबती पाहत असले म्हणजे कोवळ्या वयाची मुले एकट्याने घेतील त्याहून किती तरी अधिक धोका पत्करतात आणि प्रौढांवर हा परिणाम फारसा होत नाही, असे त्यांना आढळले. रिकामा वेळ आणि पाहणारे सोबती, ही दोन एकत्र आली की काच फुटते.

यावरून पहिला व्यवहारी नियम निघतो. टोळीशी टोळीसमोर भांडू नये. रात्री काठी घेऊन मुलांच्या मागे धावणाऱ्या गृहस्थाने त्यांना पाहिजे असलेला तमाशाच पुरविलेला असतो. दुसऱ्या रात्री ती पुन्हा येतात, ती तुमच्या द्वेषाने नव्हे, तर त्या मौजेसाठी. शिवाय अंधारात धरलेला मुलगा भलताच निघाला, म्हणजे चोर सोडून संन्याशाला सुळी दिल्यासारखे होते. त्या रात्री दार लावून घ्यावे, झालेल्या नुकसानीची छायाचित्रे काढावी, दिवस व वेळ लिहून ठेवावी, दुरुस्तीची बिले जपावी. जीवास धोका वाटला तर ११२ या क्रमांकावर पोलिसांस कळवावे. आणि एक गोष्ट मुळीच करू नये. मुलाचे चित्र मोबाइलवरून गावभर पाठवू नये. ज्या मुलाविरुद्ध चौकशी चालू आहे त्याची ओळख प्रसिद्ध करणाऱ्यास सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन लाख रुपयांपर्यंत दंड अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. कायद्याची गोष्ट बाजूस ठेवली तरी, ज्याची अब्रू एकदा चव्हाट्यावर गेली, त्याला ती सांभाळण्याचे कारण उरत नाही.

दुसऱ्या दिवशी, राग ओसरल्यावर, मुलाच्या घरी जावे. घोळका घेऊन जाऊ नये. गल्लीत ज्याच्या शब्दास मान आहे असे एखादे वडील माणूस, मग ते कोणत्याही धर्माचे असो, सोबत असावे. काय फुटले, किती खर्च आला, घरातील म्हाताऱ्या माणसाची झोप कशी उडाली, एवढेच सांगावे. त्या घराची जात, धर्म, गरिबी अथवा संस्कार यांविषयी एक अक्षरही काढू नये. त्या एका शब्दाने आईबाप मुलाचे वकील बनतात आणि मूळ गोष्ट बाजूस पडते. मुलाशी बोलणे झाले तर सोबत्यांच्या दृष्टीआड, आईबापांसमक्ष बोलावे.

मग क्षमेचे काय? बंधुभगिनींनो, क्षमा म्हणजे हिशेब बुडविणे नव्हे. सातवी आज्ञा केवळ चोरीस मना करते असे नाही. दुसऱ्याच्या मालमत्तेची हानी केली तर ती भरून दिली पाहिजे, अशी ख्रिस्तसभेची शिकवण आहे. जक्कयाच्या घरी प्रभू आपण होऊन पाहुणा गेला, त्याने प्रथम दंड मागितला नाही. परंतु त्या भेटीनंतर जक्कय चौपट परत करावयास उठला. हाच क्रम ध्यानात ठेवावा. आपण द्वेष सोडावा, आणि मुलाने काच बसवून द्यावी. बापाने खिशातून नोटा काढून टाकल्या, म्हणजे मुलगा काहीच शिकत नाही. त्याने स्वतःच्या हातांनी भिंत रंगवावी, कुंड्यांत माती भरावी, खाऊच्या पैशांतून थोडे थोडे फेडावे. स्वतः रंगविलेल्या भिंतीवर काही खरडावयास हात सहसा धजत नाही.

हा निव्वळ आशावाद नव्हे. १९७४ साली कॅनडातील ओंटारिओ प्रांतात एल्मायरा नावाच्या लहान गावी दोन तरुणांनी दारूच्या नशेत एका रात्रीत बावीस ठिकाणी मोडतोड केली. चाके फाडली, खिडक्या फोडल्या. त्यांच्यावर देखरेख ठेवणाऱ्या मार्क यांत्सी या अधिकाऱ्याने न्यायाधीशांस सुचविले की, या दोघांस ज्यांचे नुकसान झाले त्यांच्या दारी पाठवावे. न्यायाधीश गॉर्डन मॅककॉनेल यांनी ते मान्य केले. ते दोघे दारोदार गेले, आपणच हे केले असे तोंडाने म्हणाले, नुकसान किती ते ऐकून घेतले आणि काही महिन्यांत भरपाई केली. त्यांपैकी एक जण पुढे स्वतःच अशा समेटाच्या कामी लागला. आज अनेक देशांत अपराधी व पीडित यांची जी भेट घडवून आणतात, तिचा उगम बहुधा याच गावाकडे दाखविला जातो.

इतके करूनही उपद्रव थांबला नाही, अथवा कोणास इजा झाली, तर पोलिसांकडे जाण्यात ख्रिस्ती माणसास काहीच उणेपणा नाही. प्रत्येक पोलीस ठाण्यात मुलांच्या प्रकरणांसाठी नेमलेला बाल कल्याण पोलीस अधिकारी असावा, असा नियम आहे. त्यास भेटावे. अठरा वर्षांखालील मुलास २०१५ च्या बाल न्याय अधिनियमाप्रमाणे कोठडीत ठेवता येत नाही. एक दंडाधिकारी व दोन समाजसेवक यांच्या बाल न्याय मंडळापुढे त्याचे प्रकरण चालते. तावदाने फोडण्यासारख्या किरकोळ अपराधात पोलीस सहसा गुन्हा न नोंदविता दैनंदिनीत नोंद करून मंडळास कळवितात. मंडळ मुलास समज देऊ शकते, समुपदेशनास अथवा समाजसेवेस धाडू शकते, पालकांकडून दंड भरवू शकते. १९ मे २०२४ रोजी पुण्यात सतरा वर्षांच्या मुलाच्या मोटारीने दोघांचा जीव गेला व जामिनाच्या अटींत ३०० शब्दांचा निबंध सांगितला गेला, तेव्हापासून हा कायदा म्हणजे पोरखेळ, असे बोलणे सर्रास ऐकू येते. त्या प्रकरणी लोक संतापले, ते साहजिकच. परंतु एका प्रकरणावरून सगळ्या कायद्याची किंमत करू नये. फुटलेल्या काचेसाठी सोळा वर्षांच्या मुलास सराईत गुन्हेगारांत बसविले, तर तो काय शिकून परत येईल, आणि परत येईल तो कोणाच्या गल्लीत?

यापुढचा प्रश्न मुलांच्या रिकाम्या वेळेचा. १८५७ साली इटलीतील कार्मान्योला स्थानकावर संत जॉन बॉस्को गाडीची वाट पाहत असता त्यांना उनाड पोरांचा दंगा ऐकू आला. ते जवळ जाताच सारी पांगली. एकटा म्होरक्या, मिकेले मागोने, कमरेवर हात ठेवून उभा राहिला. तुम्ही कोण आमच्या खेळात पडणारे, असे त्याने विचारले. संतांनी त्याला पोलिसांकडे दिले नाही, उपदेशही फारसा केला नाही. त्याचे नाव, वय, पोरका बाप विचारून घेतला आणि पुढे त्याला तुरीन येथील आपल्या संस्थेत आणले. म्होरकेपणाचा गुण तोच, त्याला केवळ वाट दाखविली. आपल्या कोल्हापुरास हे नवे नाही. तालमींनी येथे पिढ्यान् पिढ्या अंगातील रग मातीत जिरविली, आणि फुटबॉलचे कित्येक संघ आजही तालमींच्याच नावाने शाहू स्टेडियमवर उतरतात. तेथेही हुल्लड होते, हे खरे. पण वस्तादाच्या नजरेखालील मुलगा आणि रात्री बारा वाजता कट्ट्यावर बसलेला मुलगा, यांत अंतर आहे. आपल्या चर्चचे पटांगण संध्याकाळी गल्लीतील सर्व मुलांस खेळावयास खुले ठेवावे आणि तेथे दोन वडील माणसांनी आळीपाळीने बसावे, अशी आमची विनंती आहे.

आणि एक कठोर प्रश्न आपणा पालकांस. ती टोळी सदैव दुसऱ्यांच्याच मुलांची असते काय? आपला मुलगा रात्री कोठे असतो, हे किती घरांत ठाऊक आहे? राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ साली या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले, तेव्हा मूल शाळेत न धाडणाऱ्या पालकास दरमहा एक रुपया दंड ठेवला होता. मुलाच्या वर्तनाचे उत्तर प्रथम आईबापांनी द्यावयाचे, ही गोष्ट त्या लोकराजाने ओळखली होती. चौथी आज्ञा मुलांस मान देण्यास सांगते, तशीच ती आईबापांस त्या मानास पात्र होण्यास सांगते.

जुन्या करारात पन्नासाव्या वर्षी जुबिली येई, तेव्हा गेलेली जमीन मूळ धन्यास परत मिळे आणि दास मोकळा होऊन आपल्या घरी जाई. परत देणे आणि मोकळे करणे, ही दोन्ही कामे त्या एकाच वर्षाची होत. ज्याने मोडले त्याच्याकडून भरून घ्यावे, आणि ज्याने भरून दिले त्यास त्या नावाने पुन्हा कधी हाक मारू नये. भिंत रंगवून झाली की तो "काचा फोडणारा" राहत नाही, शेजारचा मुलगा होतो. त्याला दिवाळीचा फराळ द्यावा, नाताळला करंज्या द्याव्या, वाटेत भेटला तर परीक्षेची चौकशी करावी. परमेश्वर तुमच्या घरांचे आणि त्या मुलांचेही रक्षण करो.