कोंड्याचा मांडा

धायरी अजून खेडंच होती तेव्हाची ही गोष्ट. गिरणीतून दळण आलं, की अम्मी पीठ चाळायची आणि कोंडा शेजारच्या म्हशीसाठी बाजूला काढायची. पाहुणे यायचे असले तर दोनदा चाळायची. पांढरीशुभ्र चपाती हा घरच्या अब्रूचा प्रश्न होता. त्याच दिवसांत डॉक्टरांनी ‘रक्त कमी आहे’ म्हणून तिला लोहाच्या गोळ्या दिल्या होत्या. या दोन गोष्टींचा काही संबंध असेल, हे मला बी.ए. होऊनही सुचलं नाही.

तो संबंध दिसतो क्ष-किरणांनी. दाण्याच्या पातळ कापावर केसाहून बारीक क्ष-किरणांची तिरीप टाकतात. ती लागताच प्रत्येक मूलद्रव्य आपापल्या ठरावीक ऊर्जेचे किरण परत देतं. लोहाचे वेगळे, जस्ताचे वेगळे. बिंदू बिंदू तपासत गेलं, की रंगीत नकाशा तयार होतो. इंदूरच्या राजा रामण्णा केंद्रात ‘इंडस-२’ हे सुमारे १७२ मीटर घेराचं यंत्र आहे. त्याच्या किरणांवर असं काम चालतं.

गव्हाचा नकाशा काय सांगतो? लोह आणि जस्त दाटलेलं असतं अंकुरात आणि सालीलगतच्या थरात. मधल्या पांढऱ्या भागात ते फारच थोडं. म्हणजे गोळ्या अम्मीला आणि लोह म्हशीला!

पण कोंडा म्हणजे अमृत, असंही नाही. त्यातलं फायटेट लोह-जस्ताला धरून ठेवतं, पोटात सगळं सुटू देत नाही. आर्सेनिक असलेल्या जमिनीतल्या भातात तर विषही कोंड्यातच जास्त साचतं. कॅडमियमसारखं विष जस्ताच्याच दारातून मुळांत शिरतं. पेशी ते आपल्या रिक्तिकेत डांबून स्वतःला वाचवते. पण तेच पान आपण भाजी म्हणून खातो. म्हणून ‘किती आहे’ एवढं कळून भागत नाही. ‘कुठे आहे’ हेही कळावं लागतं.

पुण्यातली आघारकर संशोधन संस्था १९४६ची. तिच्या ‘एमएसीएस ४०२८’ या गव्हात किलोमागे सुमारे ४६ मिलिग्रॅम लोह आणि ४० मिलिग्रॅम जस्त आहे. संशोधकांनी कष्टानं दाण्यात भरलेलं आपण चाळणीवर सोडून द्यायचं का?

आता अम्मी नाही. चाळण खुंटीला असते. चपाती जरा काळपट होते. पाहुणे आले, तरी तीच वाढतो.

(रेडिओवरील भाषण, संपादित)